अडतीस नंबरची माती

१

व्हर्ना ड्रोब्नी रोज सकाळी आधी पोराची दाढी करायची आणि मग स्वतःची कॉफी प्यायची. हा क्रम बदललेला तिला खपत नसे. पुढच्या खोलीतला सोफा तिने मागच्या अंगणात काढून टाकला होता आणि त्या जागी भाड्याचा लोखंडी पलंग मांडला होता, दोन्ही बाजूंना कठडे असलेला. त्यावर टोबी. इतका उंच की पलंग त्याला पुरत नव्हता, पायाशी उशी लावून जागा वाढवावी लागे.

एप्रिलमध्ये, बेसबॉलचा मोसम नुकताच सुरू झालेला असताना, टोबीने फेकलेला चेंडू बॅटवरून सुटला तो सरळ त्याच्याच कपाळावर येऊन बसला. चेंडू फेकणारा पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावर तो जो कोसळला, तो स्ट्रेचरवरूनच बाहेर आला. मोठ्या शहरातल्या इस्पितळाने त्याची कवटी उघडली, शिवली, आणि जुलैत त्याला घरी पाठवलं. हळूहळू सुधारेल, म्हणाले. आणि खरंच, हळूहळू का होईना, तो परत येत होता. उजव्या हातात चेंडू दिला की दोन बोटं आपोआप शिवणीवर जाऊन बसायची, आता फेकणारच असा आव आणून. "आई" म्हणायचा. एकदा "पंखा" म्हणाला. आणि एका बुधवारी सकाळी तर "पंखा बंद कर, आई" असं अख्खं वाक्य बोलला. व्हर्ना इतकी हरखली की पंखा बंद करायचंच विसरून गेली.

त्याच संध्याकाळी गावाने त्याचा सन्मान केला. त्यानंतर टोबीच्या तोंडून शब्द फुटला नाही.

दाढी झाली, तोंड पुसलं, आणि व्हर्नाने त्याचा उजवा हात नखं कापायला हातात घेतला. नखांत माती होती. विटकरी, चिकट, ओलसर. पिचरच्या उंचवट्यावर साधी माती नसते, चिकणमाती मिसळून घट्ट ठोकून बसवलेली असते. शाळेच्या संघापासून आजवर टोबीच्या पँटींतून व्हर्नाने हीच माती धुतली होती, ओळखायला तिला चष्मा लागत नव्हता.

पोराने एप्रिलपासून जमिनीला पाय लावलेला नव्हता.

"कुणी आणली ही घाण?" ती मोठ्याने म्हणाली. खोलीत उत्तर देणारं कुणी नव्हतं. तिने नखं कापली, ब्रशने घासली आणि कॉफी न पिताच पोर्च झाडायला घेतला.

२

सन्मान म्हणे!

कल्पना ब्रँटची. ब्रँट म्हणजे मायनर्स या गावच्या बेसबॉल क्लबचा जाहिरातवाला. पांढरेशुभ्र दात, आणि हात मिळवताना दुसऱ्या हाताने खांदा दाबायची खोड. स्लेट फोर्कसारख्या पेनसिल्व्हेनियातल्या आडगावात स्टेडियम भरवायचं म्हणजे दर आठवड्याला काहीतरी फुकट वाटावं लागतं. कधी टोप्या, कधी मान डोलावणारे बाहुले. या वेळी टोबी.

खेळाडूंच्या बाह्यांवर काळ्या काठाची गोल पट्टी शिवली होती, मध्ये टोबीचा नंबर, अडतीस. आणि फाटकावर प्रत्येकाच्या हातात एक डबी. डबीत काचेची छोटी कुपी, कुपीत ती विटकरी माती, बुचावर चमकणारं लेबल: 'अस्सल माती. टोबी ड्रोब्नी, ३८. जिथे तो पडला.' पोराचं डोकं जिथे आपटलं होतं तिथलीच माती खरवडून काढली होती शहाण्यांनी, आणि लोक ती डबी कानाशी हलवून बघत होते.

व्हर्नाला पहिल्या रांगेत बसवलं होतं. हे सगळं तिने दात आवळून सोसलं, कारण लोक रडत होते आणि तिला वाटलं, प्रेम आहे बिचाऱ्यांचं.

मग हार्लन मॉसचा आवाज आला. हार्लनचं हार्डवेअरचं दुकान, पण गावाला तो स्टेडियमचा आवाज म्हणूनच ठाऊक. दर मोसमात कुणी ना कुणी जुना खेळाडू देवाघरी जातो, हार्लन त्याचं नाव घेतो आणि म्हणतो, "कृपया उभे राहा, टोप्या काढा आणि क्षणभर शांतता पाळा." सगळे माना खाली घालतात. मग हार्लन म्हणतो, "धन्यवाद," आणि टोप्या डोक्यावर चढतात. तो शब्द आल्याशिवाय टोपी चढवायची नाही, हे स्लेट फोर्कमध्ये पोरांना बुटांची नाडी बांधता येण्याआधी कळतं.

"आपला लाडका टोबी ड्रोब्नी," हार्लनने ब्रँटने दिलेलं कार्ड वाचलं. "कृपया उभे राहा, टोप्या काढा आणि क्षणभर शांतता पाळा."

सगळं गाव उभं राहिलं. सवयच ती! व्हर्नाही उभी राहिली, तिनेही मान खाली घातली. स्वतःच्या बुटांकडे बघताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला की ही शांतता कुणासाठी पाळली जाते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जिवंत आहे तो!" ती ओरडली. "मूर्खांनो, जिवंत आहे! घरी पडलाय! सफरचंदाचा गर खातोय!"

कुणी मान वर केली नाही. शांतता चालू होती ना! फक्त वरच्या निवेदकाच्या काचेच्या खोलीत हार्लनने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं तोंड उघडं राहिलं. व्हर्ना कुपी बाकावर आपटून चालायला लागली. फाटक ओलांडलं, रस्ता ओलांडला, तरी मागून "धन्यवाद" काही ऐकू आलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी माती उशीवर होती. मग चादरीच्या घडीत. मग मानेच्या वळीत, जिथे तिने तासाभरापूर्वीच स्पंजाने पुसलं होतं.

व्हर्ना काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. तिने खिडकी लावून घेतली, कारण टेकडीपलीकडे दगडाची खाण आहे आणि उन्हाळ्यात धूळ येते. खाणीची धूळ करडी असते हे तिला माहीत होतं, तरी लावली. पंख्याची पाती पुसली. पलंगाखाली टोबीचे जुने खिळ्यांचे बूट असतील म्हणून वाकून पाहिलं. बूट वरच्या मजल्यावर कपाटात होते, तळ स्वच्छ, तिनेच घासलेले. शेवटी उरली पर्ल.

पर्ल हॅनिगन शेजारीण. जन्मभर वृद्धाश्रमात आयाचं काम केलेली, आता टोबीला कुशीवर वळवायला दिवसातून दोनदा येणारी. अग्निशमन दलाच्या हॉलात दोघी एकाच टेबलावर बिंगो खेळायच्या.

"बूट काढून येत जा," व्हर्ना म्हणाली.

"काढलेच आहेत. मोजे बघ."

"मग हे काय?"

पर्लने चादरीवरची माती चिमटीत धरली, वास घेतला आणि हात झटकला. "तूच स्टेडियमवर जाऊन बसत असशील. मला कशाला धरतेस? पकड तिकडून, वळवू या."

दोघींनी जोर लावला. टोबी हलेना. रोज वळवायच्या त्या त्याला, इतक्या दिवसांत अंग निम्मं झालं होतं पोराचं, आणि आज हलेना.

"जेवण वाढलं वाटतं साहेबांचं," पर्ल धापा टाकत म्हणाली. मग तिने त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. "किती हसरा होता गं."

"आहे," व्हर्ना म्हणाली.

"काय?"

"हसरा आहे. होता नाही. आहे. माझ्या घरात ते 'होता' चालणार नाही."

"अगं, बोलण्यात येतं माणसाच्या..."

"तुमच्या सगळ्यांच्याच बोलण्यात येतंय! चर्चमध्ये तेच, दुकानात तेच. 'काय खेळायचा, काय मुलगा होता.' इथे श्वास घेतोय तो, पर्ल! ऐकू येतं त्याला!"

पर्लला ते लागलं. ती निघून गेली. तासाभराने व्हर्नाच माफी मागायला तिच्या स्वयंपाकघरात गेली, कारण संध्याकाळी वळवायला कोण येणार? सिंकवरच्या खिडकीत तुळस नि पुदिन्याच्या कुंड्यांमध्ये पर्लची कुपी ठेवलेली होती. बूच घट्ट, लेबल चमकतंय. कुपीत माती निम्मीच होती.

"सांडलीस का?" व्हर्नाने विचारलं.

"हातसुद्धा लावला नाही. गळकी असेल. फुकटचा माल." पर्लने डोळे पुसले. "आणि ऐक, तुझा राग कळतो मला. पण त्याच्यावर जीव होता सगळ्यांचा."

व्हर्ना कुपीकडे बघत होती. उन्हात काचेच्या आत काहीतरी खाली सरकल्यासारखं वाटलं. ऊन डोळ्यांवर येत होतं. ती घरी आली तेव्हा टोबीच्या छातीवरची चादर तिने घातली होती तशी नव्हती, किंचित वर उचललेली होती, आणि खाली हात घातला तर गार लागलं.

४

ब्रँटच्या ऑफिसात एसी इतका होता की व्हर्नाच्या घामाने भिजलेल्या पाठीवर काटा आला.

"मिसेस ड्रोब्नी! बसा ना. आम्ही तुमच्याकडेच येणार होतो..."

"बसायला नाही आले. ती माती परत घ्या."

"सॉरी?"

"जितक्या कुप्या वाटल्या तितक्या परत मागवा, आणि ती माती जिथून खरवडली तिथे नेऊन टाका. साधी गोष्ट आहे."

ब्रँट तिचा खांदा दाबायला उठला, पण तिचा चेहरा बघून टेबलामागेच थांबला. "हे बघा, लोकांच्या भावना जोडलेल्या आहेत त्याच्याशी. किती घरांत फायरप्लेसवर ठेवल्यात कुप्या. बाहेरगावचे संग्राहक विचारतायत. टोबीच्या आठवणी आपण जपल्या पाहिजेत..."

"आठवणी? अरे, घरी ये आणि त्यालाच विचार ना काय आठवतंय ते!"

"तो बोलतो?" ब्रँट चपापला. त्याच्या डोळ्यांत जे दिसलं त्याने व्हर्नाच्या डोक्यात तिडीक गेली. ते आश्चर्य नव्हतं, अडचण होती. जिवंत टोबीचं काय करायचं याची त्याच्याकडे सोयच नव्हती.

"बोलत होता," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच तोंडून निघालेला शब्द ऐकून थबकली. "बोलेल. तू माती परत घे, मग बोलेल."

हे आपण काय बोललो, असं तिचं तिलाच वाटलं. मातीचा नि बोलण्याचा काय संबंध? काही नाही. डॉक्टर फोनवर म्हणालेच होते, अशा जखमेत चढउतार होतात. पण एकदा बोलून गेल्यावर तिला ते खरं वाटायला लागलं.

ब्रँटने सुटकेचा मार्ग शोधला. मागच्या कपाटातून त्याने काचेची मोठी चौकट काढून टेबलावर ठेवली. आत टोबीचा अडतीस नंबरचा शर्ट घडी घालून टाचलेला, शेजारी तिकीट, काळी पट्टी, आणि खाली मखमलीच्या खाचेत एक कुपी. चारी बाजूंनी काच चिकटवून बंद केलेली.

"ही खास कुटुंबासाठी. आमच्याकडून. टोबी कसा होता हे पुढच्या पिढीला..."

"ही तर रिकामी आहे," व्हर्ना म्हणाली.

ब्रँटने वाकून पाहिलं. चौकट उचलून हलवली. कुपी खाचेत खुळखुळली. काचेला मातीचा डागसुद्धा नव्हता. "छे! सकाळी मी स्वतः... भरलेली होती ही."

"'अस्सल हवा' असं लिही," व्हर्ना म्हणाली. "लेबल बदल." तिने चौकट त्याच्या हातून ओढून टेबलाच्या कडेवर आपटली, फुटलेल्या काचांतून पोराचा शर्ट बाहेर ओढला आणि ती चालती झाली. बोट कापलं होतं, ते तिला बसस्टॉपवर कळलं.

५

घरी पर्ल पलंगापाशी हात जोडून उभी होती. प्रार्थना करत होती की नुसती घाबरली होती, सांगता आलं नसतं.

"तोंड उघडलं त्याने," ती कुजबुजली. "बोलणार असं वाटलं. मी म्हटलं, बोल राजा. तर..."

टोबीचे डोळे आईकडे वळले. ते डोळे मात्र पूर्ण जागे होते, आणि त्यांत एप्रिलनंतर पहिल्यांदाच व्हर्नाला भीती दिसली. ओठ हलले. जीभ वर आली. जिभेवर ओल्या चिकणमातीचा गोळा होता, सुपारीएवढा.

व्हर्नाने बोटांनी तो काढला. कापूस ओला करून तोंड पुसलं. पुसलं की पुन्हा विटकरी यायचं. पुसत राहिली. कापसाचे बोळे बशीत साचत गेले आणि तिच्या तोंडून अखंड शिव्या निघत राहिल्या, ब्रँटला, क्लबला, बॅट धरणाऱ्याला, बेसबॉल काढणाऱ्याला, पोराला पहिला ग्लोव्ह आणून देणाऱ्या मेलेल्या नवऱ्याला. पर्लनेही एरवी कानांवर हात ठेवले असते. आज ती बशी रिकामी करून आणत राहिली.

अखेर पुसणं थांबलं. श्वास चालू होता. व्हर्नाने त्याच्या उजव्या हातात चेंडू दिला. दोन बोटं सावकाश सरकली आणि शिवणीवर बसली.

"आहे," ती म्हणाली. "पाहिलंस? आहे."

मग ती हार्लनच्या दुकानात गेली. तो खिळे तोलत होता. तिला पाहताच तागडीतले खिळे त्याच्या हातून सांडले.

"व्हर्ना, मी येणारच होतो. कार्ड मी वाचलं, चूक माझी. ब्रँटने लिहिलं पण..."

"चूक बिक राहू दे. तुझा आवाज हवाय मला. शनिवारच्या सामन्यात सांग, रविवारी चर्चच्या दारात सांग. ज्याच्या घरात टोबीची कुपी आहे त्याने ती माझ्या पोर्चवर आणून रिकामी करायची. जेवढी असेल तेवढी. मी माझ्या हाताने ती उंचवट्यावर नेऊन टाकणार आहे. काचेत घालून कपाटावर ठेवायला माझं पोर मेलेलं नाही."

"सांगतो. सगळे आणतील बघ. तुझा शब्द कोण मोडणार?" हार्लनने घसा खाकरला. त्याचा एरवीचा आवाज किती बारीक होता, मायक्रोफोनशिवाय. "त्या दिवशी मी 'धन्यवाद' म्हटलंच नाही, व्हर्ना. तुझ्याकडे पाहिलं आणि घशातच राहिलं. कितीतरी वेळ कुणी टोपी घातली नाही. लोक एकमेकांकडे बघत होते. मग शेंगदाणेवाला ओरडला, खेळाडू मैदानात धावले, आणि लोक तसेच, टोप्या हातात घेऊन, खाली बसले. अजून इथे अडकलंय ते." त्याने गळ्याच्या हाडावर बोट ठेवलं.

"मग गीळ," व्हर्ना म्हणाली आणि निघाली.

६

रविवारी दुपारी ऊन रणरणत होतं. व्हर्नाने पोर्चवर टोबीच्या खोलीच्या खिडकीखाली कपडे धुवायचं जुनं पत्र्याचं घंगाळ ठेवलं होतं. पोराकडे प्रदर्शनासारखं बघायला नको म्हणून खिडकीचा पडदा तिने खाली ओढला होता. आत पंखा घरघरत होता. पर्लला तिने दारात उभं केलं, कुणी आत घुसू नये म्हणून.

प्रार्थना संपली आणि टेकडीवरून माणसं येताना दिसली. व्हर्नाला वाटलं होतं, दहावीस येतील, बाकीचे टाळतील. पण सगळं गाव येत होतं. चर्चच्या काळ्या कपड्यांत, डोक्यावर मायनर्सच्या टोप्या, मुठीत कुपी. कुणी सांगितलं नसताना त्यांनी आपसूक एकेरी रांग धरली होती.

पहिली पोस्टातली बाई. तिने बूच उपटलं, घंगाळात माती ओतली. पत्र्यावर खसखस वाजली. "फार गोड मुलगा होता, व्हर्ना."

"आहे," व्हर्ना म्हणाली. "पुढे चला."

मग शाळेचा प्रशिक्षक. "त्याच्यासारखा हात पुन्हा होणे नाही."

"हात आत आहे, पलंगावर. चला पुढे."

मग गॅरेजवाला. त्याची कुपी फुटली होती, त्याने माती मुठीत धरून आणली होती. त्याने मूठ घंगाळावर धरली आणि हळूच उघडली. नुसती मान लववली. व्हर्नाला त्या मुठीचा फार राग आला. का, ते तिला धड सांगता आलं नसतं. असं कुठेतरी पाहिलंय, एवढंच वाटलं. पण मागे रांग थांबली होती.

"होता नाही, आहे!" ती प्रत्येकाला सांगत राहिली. कुणी खजील झालं, कुणी "हो हो, तेच ते" म्हणालं, एका म्हाताऱ्याने तर तिचा हात हातात घेऊन "देव तुला बळ देवो" म्हटलं. त्याला तिने असं झिडकारलं की तो पायरीवर धडपडला. एका बाईने सोबत ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल आणलं होतं, फडक्यात बांधून. सुतकाच्या घरी नेतात तसं. व्हर्नाने ते भांड्यासकट कठड्यापलीकडे भिरकावलं.

"मेजवानी आहे का इथे? माती टाका नि चालू लागा!"

पण कुणी चालू लागत नव्हतं. माती टाकली की लोक पायऱ्या उतरायचे आणि अंगणात, गवतावर, कुंपणाच्या कडेने उभे राहायचे. पोर्चकडे तोंड करून. खसखस चालूच होती. आतला पंखा मधेच जड झाला, घरघर मंदावली, पुन्हा लागली. व्हर्नाने एकदा मागे पाहिलं, पडदा स्थिर होता. रांग संपू दे, तिने स्वतःला बजावलं. एवढी संपू दे, घंगाळ गाडीत घालू, सगळी माती जागच्या जागी लोटू आणि संपवू हा तमाशा.

शेवटी हार्लन. आणि त्याच्या मागे, दार सोडून, पर्ल. पर्लच्या हातात तिची निम्मी कुपी.

"तू तरी दारात थांबायचंस," व्हर्ना म्हणाली.

"माझीच तेवढी राहिली होती गं." पर्लने कुपी उपडी केली. बोटाने आतली माती निपटून काढली. मग रडवेल्या आवाजात म्हणाली, "झालं बघ. गावातल्या प्रत्येकाने आपल्या हाताने टाकली. एक माणूस राहिला नाही."

ते ऐकून व्हर्ना थांबली. ती मूठ कुठे पाहिली होती ते तिला आठवलं. नवऱ्याला पुरताना. सेंट सिरिल चर्चच्या मागच्या कुरणात, खड्ड्याच्या कडेला, हाच गॅरेजवाला, हीच मूठ.

तिने घंगाळाकडे पाहिलं. सबंध गावाने ओतलेलं. पत्र्याचा तळ उघडा दिसत होता, तळाशी चिमूटभर विटकरी धूळ, आणि तीसुद्धा तिच्या डोळ्यांदेखत विरत चालली होती.

अंगणात हार्लनने टोपी काढली. त्याचं बघून सगळ्यांनी काढल्या, छातीशी धरल्या आणि माना खाली घातल्या. एक शब्द नाही. आत पंखा थांबला.

व्हर्ना जाळीचं दार ढकलून आत धावली.

पलंग कठड्यांपर्यंत भरला होता. माती वरून सारखी केलेली होती, मधे किंचित फुगीर, घट्ट, कुणी फळीने ठोकून बसवावी तशी. चादर नाही, उशी नाही, चेहरा नाही. पलंगाच्या मध्यापाशी, जिथे उजवा हात असायला हवा होता, तिथे मातीतून दोन बोटं वर आली होती. शेजारी शेजारी, किंचित वाकलेली, अदृश्य चेंडूच्या शिवणीवर.

ती हातांनी उकरायला लागली. माती खडकासारखी झाली होती, नखं उलटली. "आहे!" ती ओरडत होती, "आहे तो! आहे!" तिने बोटांना हात घातला, आणि बोटांनी तिचं बोट धरलं. गरम होती. घट्ट धरलं होतं त्यांनी.

"पर्ल! या रे कुणीतरी! आत या, उकरा!"

तिने मोकळ्या हाताने पडदा ओढून पाडला. अंगणभर माणसं, टोप्या छातीशी, माना खाली. पर्लसुद्धा, पोर्चवर, डोळे मिटून. तिचा आक्रोश सगळ्यांना ऐकू जात होता आणि कुणी पापणी उचलत नव्हतं. का उचलतील? शांतता चालू होती. त्या बुधवारपासून चालू होती. कुणी ती संपवलीच नव्हती.

"हार्लन!" व्हर्ना खिडकीतून किंचाळली. "म्हण! तो शब्द म्हण एकदाचा! संपव हे! हार्लन, म्हण!"

हार्लनने मान वर केली. त्याचा चेहरा उजळला, किती दिवसांचं ओझं उतरावं तसा. त्याने छाती भरून श्वास घेतला, आणि त्या घुमणाऱ्या, सगळ्या गावाला पुरणाऱ्या आवाजात तो म्हणाला,

"धन्यवाद."

अंगणात टोप्या डोक्यांवर चढल्या. कुणी खोकलं, कुणी गाडीची किल्ली चाचपली, माणसं हलक्या आवाजात बोलत फाटकाकडे वळली. आणि व्हर्नाच्या बोटाभोवतीची दोन बोटं, इतका वेळ तिला धरून असलेली, एकेक करून सैल झाली.